दोन बोटं माया

मास्तरांशी माझी ओळख एका गैरसमजातून झाली, आणि चूक त्यांची नव्हती.

एकोणतीस वर्षं मी नोंदणी कचेरीत काढली. जन्म, मृत्यू, लग्न, घरबदल, माणसाच्या आयुष्यात जे काही घडतं ते चार रकान्यांत बसवायचं, हे माझं काम. बसून बसून अंग सुटलं आणि थंडीतला जाड कोट बगलेत दाटायला लागला. आमच्याच इमारतीत तळमजल्यावर मास्तरांचं शिवणाचं दुकान होतं. कोट घेऊन गेले. त्यांनी तो उलटा केला, शिवणीवरून अंगठा आणि पहिलं बोट फिरवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "काळजी करू नका बाई, माया आहे आत."

मी तेव्हा चाळिशीची, एकटी, आणि जिभेनं तिखट. "कोणाची माया?" असं मी ज्या आवाजात विचारलं, तो ऐकून दुसरा कोणी असता तर कोट टाकून मागच्या दारानं गेला असता. मास्तरांनी शांतपणे चार टाके उसवून दाखवले. आत दोन बोटं रुंद कापड दुमडून ठेवलेलं होतं. बाहेरचा रंग विटला होता, ते मात्र नवंकोरं. "ही माया. शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडतो ना, त्याला म्हणतात. माणूस आज आहे तेवढाच राहत नाही, म्हणून ठेवायची. दोन बोटं. दादानं शिकवलंय."

त्या दिवशी मी खाली मान घालून वर आले. पुढे तीस वर्षं मास्तर माझे शेजारी होते आणि त्यांच्या बोलण्यातल्या दर तिसऱ्या वाक्यात दादा होता.

दादा म्हणजे त्यांचा थोरला भाऊ, नऊ वर्षांनी मोठा. वडील गेले तेव्हा मास्तर अकरा वर्षांचे होते. दादानं त्यांना शाळेनंतर दुकानात बसवलं आणि हातात सुई दिली. पहिली विजार शिवली तिची खालची पट्टी दादानं अकरा वेळा उसवायला लावली. मारणं नाही, ओरडणं नाही. कापड उलटं करायचं, टाके बघायचे आणि एकच शब्द बोलायचा, "उसव." मास्तर सांगायचे, "बाई, त्या शब्दाची मला एवढी धास्ती होती की झोपेत ऐकू यायचा. पण आज माझा टाका कोणी भिंग लावून बघितला तरी वाकडा सापडायचा नाही."

दादा अडतीस वर्षांचा असताना परदेशात एका कपड्यांच्या कारखान्यात कामाला गेला. बायको आणि लहान मुलगी बरोबर. दोन वर्षांत येतो म्हणाला होता. आधी त्याचे तिकडचे कागद अडकले, मग बायको आजारी पडली, ती गेली, मग त्याचे गुडघे गेले. बेचाळीस वर्षं झाली. इकडे मास्तरांनी लग्न केलं नाही, दुकानामागच्या खोलीत राहिले. जा की एकदा भावाकडे, असं मी किती वेळा सांगितलं. त्यांचं उत्तर ठरलेलं. "तारीख दिलीय." कोणाच्या पँटची, कोणाच्या गणवेशाची. दिलेली तारीख त्यांनी जन्मात मोडली नाही आणि भावाला मात्र कधी तारीख दिली नाही. माझं हे मत मी त्यांना तोंडावर सांगितलं होतं. ते सुईत दोरा ओवत राहिले.

दर रविवारी सकाळी फोन असायचा. दोघं म्हातारे अर्धा तास कापडावर बोलायचे. गेल्या वर्षापासून दादा तेच तेच विचारायला लागला. मग वाक्यं अर्धी सुटायला लागली. आणि एका रविवारी मास्तर जिना चढून माझ्या दारात आले. गळ्यात नेहमीप्रमाणे टेप, पण चेहरा असा की मी आधी खुर्ची पुढे केली.

"फोनवर कोण बोलतंय म्हणून विचारलं त्यानं," ते म्हणाले. "मी म्हटलं, दादा, मी धाकटा. तर म्हणाला, धाकटा दुकानात बसलाय. त्याला कामाच्या वेळेत फोन देत नाही मी. नंतर करा."

मी पाण्याचा पेला त्यांच्या हातात दिला.

"बाई, परदेशी जायचं तर किती फॉर्म भरावे लागतात?"

"पुष्कळ."

"मग आजच बसू या. पुतणी म्हणते, डॉक्टरांनी सांगितलंय की आता दिवसेंदिवस कमीच होत जाणार. माझी ओळख पुसली जायच्या आत मला पोचायचंय. एकदा त्यानं माझ्याकडे बघून ओळखलं, की झालं."

असा तो बेत ठरला. एकाहत्तराव्या वर्षी, पासपोर्ट नाही, विमान फक्त आकाशात पाहिलेलं, आणि आतापर्यंतचा सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे ठोक बाजारातून कापड आणणं. मी निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती. मोकळे रकाने दिसले की माझा हात अजून शिवशिवतो. मी कागदांचा ताबा घेतला.

पहिला खोडा त्यांनीच घातला. पासपोर्टच्या फोटोत त्यांच्या गळ्यात टेप होता. फोटो काढणाऱ्यानं सांगितलं होतं म्हणे की गळ्यात काही नको, तर मास्तरांनी मफलर काढला. टेप त्यांच्या लेखी गळ्यातलं काही नव्हतंच. अर्ज परत आला. फोटो पुन्हा काढला, तर टेप नसल्यामुळे त्यांची मान अवघडलेली दिसत होती. "हा मी वाटत नाही," ते म्हणाले. मी म्हटलं, पासपोर्टातल्या फोटोत कोणीच स्वतःसारखं दिसत नाही, सही करा.

व्हिसाच्या अर्जात "भेटीचं कारण" असा रकाना होता. "माप घ्यायला असं लिहा," मास्तर म्हणाले. मी चष्म्यावरून बघितलं. "कौटुंबिक भेट" लिहिलं. पण ते थट्टा करत नव्हते. त्यांनी दादासाठी कोट शिवायला घेतला होता. तिकडे थंडी फार. राखाडी लोकरी कापड त्यांनी पंधरा वर्षांपूर्वी कपाटात ठेवून दिलेलं होतं, कोणासाठी ते आता कळलं. मापाच्या जुन्या वह्यांतून दादाचं पान निघालं. छाती चाळीस. दादा जायच्या आधी घेतलेलं माप. त्याच मापावर मास्तरांनी कापड बेतलं, कापलं आणि चार दिवसांत कोट मशीनवर शिवून उभा केला.

सगळ्या गावाला माणूस आहे तेवढाच राहत नाही म्हणून सांगणारा हा शिंपी, आणि स्वतःच्या भावाला त्यानं बेचाळीस वर्षांपूर्वीच्या मापानं कोट कापला. ही चूक माझ्याही लक्षात आली नाही, कारण माझ्याही डोक्यात दादा होता तो अडतीस वर्षांचाच, कापड उलटं करून "उसव" म्हणणारा.

पुतणीनं फोटो पाठवला तेव्हा कळलं. खिडकीशी खुर्चीत एक बारीकसा म्हातारा बसला होता, सदऱ्याची कॉलर मानेभोवती सैल पडलेली. मास्तरांनी मोबाइल जवळ धरला, लांब धरला. मग पुतणीला फोन लावून टेप घ्यायला सांगितलं. "बगलेखालून फिरव. घट्ट ओढू नको, एक बोट आत जायला हवं. किती?"

"साडेचौतीस, काका."

"पुन्हा घे."

"साडेचौतीस."

त्यांनी वहीत लिहिलं. जुन्या पानावरच, जुन्या आकड्याच्या खाली. मग कोट उसवला आणि सगळ्या शिवणींतून आत घेतला. मी बघत होते. आतलं जास्तीचं कापड कापून टाकायला हवं, एवढं मलाही कळत होतं. त्यांनी ते कापलं नाही, आत दुमडून ठेवलं. चांगली चार बोटं झाली असेल माया. मी म्हटलं, आत फुगेल. ते म्हणाले, "अस्तर सांभाळून घेईल. आणि तब्येत परत भरली तर?"

ऐंशी वर्षांच्या माणसाची तब्येत भरत नाही, हे त्यांनाही माहीत होतं.

मग बोटांच्या ठशांचा दिवस आला. मी बरोबर गेले होते. काचेच्या खिडकीमागे एक मुलगी, समोर हिरवा उजेड असलेली छोटी पेटी. "काका, चार बोटं ठेवा. दाबा. जरा जास्त दाबा." पडद्यावर काही येईना. तिनं पेटी पुसली, त्यांची बोटं पुसली, ओल्या फडक्यानं, मग कोरड्या. तीनदा झालं. करंगळ्या उमटल्या, अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं दोन्ही हातांची कोरीच. साठ वर्षं इस्त्रीचे चटके, सुईचं टोक आणि खडू. रेषा घासून गेल्या होत्या.

मुलगी बिचारी वाईट नव्हती. तिनं तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली. तोवर हातांना काम नको, इस्त्री नको, सुई नको, रोज तेल लावा, रेषा थोड्या वर येतात म्हणाली. तेव्हाही नाही उमटल्या तर तिसरी तारीख घ्यावी लागेल, आणि पुसट उमटल्या तर नंतरही पुन्हा बोलावतील. म्हणजे व्हिसा हातात पडेपर्यंत बोटं जपायची.

परत येताना बसमध्ये मास्तर हात मांडीवर उताणे ठेवून बसले होते. म्हणाले, "मी मीच आहे हे माझ्या बोटांनाच सांगता येईना, बाई." तिकडे भावाला धाकटा आठवत नव्हता आणि इकडे धाकट्याच्या हातालाही धाकटा आठवेना.

दुकानावर पाटी लागली, "तारीख देणे बंद." येणारी माणसं पाटी वाचून कोणी आजारी आहे का विचारायची. आणि कोट टेबलावर पडून राहिला, मशीनचं काम पुरं, हातशिलाई बाकी. खालच्या घेराला आणि बाह्यांना अस्तर हातानंच लावावं लागतं.

"दुसऱ्या शिंप्याकडे द्या," मी म्हटलं.

"दादाचा कोट परक्या शिंप्याच्या हातात नाही देणार."

"मग काय करणार?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी आधी हसले. मग लक्षात आलं की ते खरंच विचारतायत. "मास्तर, मला बटण लावता येत नाही. माझी बटणं तुम्हीच लावता."

"म्हणून तर. तुम्ही शिंपी नाही. तुमचं चुकलं तर चूक म्हणता येईल. शिंप्याचं चुकलं तर भांडण होईल."

आयुष्यात मी अनेक कामं नाइलाजानं केली, पण एवढं घाबरून एकही केलं नाही. रोज सकाळी दोन तास त्यांच्या खिडकीशी बसायचे. ते समोर, दोन्ही हातांना तेल लावून, हात पाठीमागे धरून. नाहीतर राहवायचं नाही, सुई हिसकावून घेतील. "वरून नाही, खालून. दोराच नाही, कापडही बघा. बाई, टाका आहे तो, खिळा ठोकत नाही आहात." माझे टाके एक इकडे, एक तिकडे, एक लांब, एक आखूड. मी चार वेळा सुई फेकली. चार वेळा त्यांनी ती वाकून उचलली आणि माझ्यासमोर ठेवली. उसव मात्र ते एकदाही म्हणाले नाहीत. मी विचारलं, का नाही म्हणत? "तो शब्द माझा नाही," ते म्हणाले.

तीन आठवड्यांनी ठसे उमटले. पुसट, पण उमटले. मुलगी काचेमागून हसली. व्हिसा आला तो विमानाच्या आदल्या दुपारी. तोवर मी औषधांच्या पुड्या बांधून त्यांवर सकाळ, दुपार, संध्याकाळ लिहून ठेवलं होतं. डॉक्टरांची चिठ्ठी, पुतणीचा पत्ता मोठ्या अक्षरांत, विमानतळावर चाकाच्या खुर्चीची सोय मागितलेली. खुर्चीवरून तासभर वाद झाला. मी लंगडा आहे का, असं त्यांचं म्हणणं. लांबलचक विमानतळावर चुकलात तर दादाऐवजी भलत्याच्याच घरी जाल, असं माझं. शेवटी कबूल झाले.

व्हिसा हातात पडल्यावर त्यांनी पहिलं काय केलं असेल तर कोट घेऊन खिडकीशी गेले. बोटं आता मोकळी होती. घेर उलटा केला, माझे टाके पाहिले. उसवायची छोटी कात्री उचलली. मला वाईट वाटलं, पण ते बरोबरच होतं, अर्ध्या तासात त्यांनी सगळं सरळ केलं असतं. कात्री बराच वेळ हातात धरून ते उभे राहिले आणि मग खाली ठेवली.

"राहू दे," ते म्हणाले. "तुमचा हात लागलाय याला."

दुसऱ्या दिवशी कोट पिशवीत, पिशवी छातीशी, गळ्यात टेप. "येतो बाई," म्हणाले. एकवीस दिवसांचं परतीचं तिकीट होतं. दुकानाची किल्ली माझ्याकडे.

तिसऱ्या दिवशी फोन आला. आवाज लांबून यावा तसा. नीट पोचलो, थंडी आहे, पुतणी चांगली आहे. मी विचारलं, "दादा?"

"नाही ओळखलं."

मी फोन कानाला धरून बसले. एवढ्या लांब, एवढ्या कागदांतून, एवढी बोटं जपून माणूस गेला, आणि शेवटी नाहीच. आपण उशीर केला, मी पाच वर्षांपूर्वी ओढून न्यायला हवं होतं, असं सगळं मनात आलं. स्वतःचा राग आला. त्यांचाही आला. तारखा पाळत बसले जन्मभर.

"गिऱ्हाईक बघतात तसं बघतो माझ्याकडे," मास्तर म्हणाले. "खिडकीशी बसतो. कोणाशी बोलत नाही. पुतणी म्हणते, दोन महिने झाले, धड वाक्य नाही तोंडातून. उद्या कोट घालून बघतो."

त्यानंतर चार दिवस फोन नाही. पाचव्या दिवशी आला तेव्हा आवाज वेगळा होता. जवळून आल्यासारखा.

"बाई, कोट घातला त्याला. अंगात नीट बसला. त्यानं बाह्यांवरून हात फिरवला, बटणं बघितली. मग स्वतःच काढला आणि मांडीवर उलटा केला. घेरापाशी थांबला. तुमचे टाके बघितले त्यानं, एकेक करून. मग मान वर केली आणि माझ्याकडे बघून म्हणाला, उसव."

"मग तुम्ही?" मी विचारलं.

"पुतणी स्वयंपाकघरातून धावत आली. मी खाली जमिनीवर बसलो, त्याच्या पायाशी, तिथंच बसायचो मी. उसवलं. तो वरून बघत होता. मध्येच त्यानं उघड्या भागातून बोट आत घातलं आणि म्हणाला, माया किती ठेवलीस? मी म्हटलं, चार बोटं. म्हणाला, दोन सांगितली होती."

"म्हणजे ओळखलं," मी म्हटलं.

"नाही. मी कोण ते नाही कळलं त्याला. नाव विचारलं मग. पण कामाला ठेवलंय." ते हसले, आणि हसता हसता त्यांचा आवाज फाटला. "पुन्हा घातले टाके त्याच्यासमोर. माझे. एकसारखे, सरळ."

"बरं झालं. निदान कोट तरी नीट झाला."

"नाही ना. दुसऱ्या दिवशी त्यानं कोट परत उलटा केला. घेर बघितला. काही चुकलेलंच नव्हतं, म्हणून काही बोलला नाही. बाजूला ठेवून दिला आणि खिडकीबाहेर बघत बसला. दुपारपर्यंत शब्द नाही. मी समोर बसून होतो, बाई. मला वाटलं, संपलं."

"मग?"

"मग दुपारी तो झोपला तेव्हा मी माझे टाके उसवले. आणि वाकडे घातले. एक इकडे, एक तिकडे. संध्याकाळी उठल्यावर त्याच्या मांडीवर ठेवला कोट."

मी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. ज्या माणसाच्या साठ वर्षांच्या कामात भिंगानं वाकडा टाका सापडला नसता, तो माणूस रोज दुपारी खिडकीच्या उजेडात चष्मा लावून मुद्दाम वाकडं शिवत होता. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मी ते पुसलंही नाही.

"आता रोज असंच," मास्तर म्हणाले. "तो उसव म्हणतो, मी पायाशी बसून उसवतो, सरळ घालतो. तेवढा अर्धा तास तो बोलतो माझ्याशी. दोरा आखूड घे म्हणतो. पाठ ताठ ठेव म्हणतो. दुपारी पुन्हा वाकडे घालून ठेवतो. पहिल्या दिवशी जमेना, बाई. हात सरळच जात होता, चुकीचं शिवायला फार वेळ लागला."

मी नाक पुसलं. "अजून बारा दिवस आहेत," म्हटलं.

"आहेत. पण आता तुमचा टाका मला अगदी जमतो."